रिकाम्या टाकीचा रौप्यमहोत्सव

बोरगुंडीत स्वतःचं वर्तमानपत्र काढायचं आणि त्यात एकही खरी बातमी छापायची नाही, असा निश्चय मी उमरग्यातल्या एका दवाखान्याच्या बाकड्यावर बसून केला. मी विमा एजंट. एका गिऱ्हाइकाची तपासणी व्हायची होती, डॉक्टर जेवायला गेले होते आणि मी मोबाईलवर एक चेष्टेखोर बातमीपत्र वाचत होतो. एका पुलानं पडण्यासाठी रीतसर अर्ज केला होता आणि संबंधित खात्यानं ‘आधी उद्घाटन होऊ द्या, मग बघू’ असं कळवलं होतं. मी इतक्या जोरात हसलो की कंपाउंडर बाहेर आला आणि माझ्या गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन “पेशंट नेमका कोण?” असं विचारू लागला.

तुम्हीच सांगा, खरं वर्तमानपत्र वाचून काय होतं? सकाळी सकाळी डोकं तापतं, चहा गार होतो आणि दिवसभर आपण घरच्यांवर खेकसत राहतो. खोट्या बातमीतही राग तोच असतो, पण तो हसण्याच्या वाटेनं बाहेर पडतो. पाठीवर आपला हात पोचत नाही नेमकं तिथं कुणीतरी खाजवावं, तसं बरं वाटतं. शिवाय लिहिणाऱ्याला नावं घ्यावी लागत नाहीत, ज्याचं त्याला बरोबर कळतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. असलं पत्र आपल्या गावात हवं आणि ते आपणच काढायचं, असं मी ठरवलं. मी एकदा ठरवलं की ठरवलं. माझ्या बायकोला, सोनालीला, माझ्या या स्वभावाचं फार कौतुक आहे. तिनं ते अजून बोलून दाखवलेलं नाही, इतकंच.

नाव ठेवलं ‘लोणकढी’. थापेचा याहून चांगला प्रकार मराठीत नाही. शेजारच्या शंकरप्पांनी नाव ऐकून “घरचं का डेअरीचं?” असं विचारलं आणि मी काही बोलायच्या आत अर्धा किलो तूप सांगून ठेवलं. मी ते मनावर घेतलं नाही. मोठ्या कामाच्या सुरुवातीला असं होतंच.

“पेपर काढायचा तर नोंद लागती,” शंकरप्पांनीच पुढं बजावलं, “न्हायतर आत टाकत्यात.” म्हणून मी उमरग्याच्या एका कचेरीत गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज पुढं ओढला.

“पेपरचा उद्देश?”

“खोट्या बातम्या छापणं.”

त्यांनी मानही वर केली नाही. “अन् नवीन काय?”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं ‘वरील सर्व मजकूर सत्य आहे’ असं छापलेलं होतं आणि खाली सही करायची होती. आता आली का पंचाईत? वरचा मजकूर असा होता की मी सगळं खोटं छापणार. हे सत्य आहे असं लिहून दिलं आणि उद्या चुकून एखादी खरी बातमी छापली गेली, तर मी गुन्हेगार ठरणार का? त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावलं. चहा आला. बरीच साधकबाधक चर्चा झाली. अखेर “साहेब रजेवर हायत, आल्यावर या” असा निर्णय झाला. साहेब अजून आलेले नाहीत. मग मी तूर्त गावात फुकट वाटायचं साधं पत्रक काढायचं ठरवलं.

छपाईला मुरुमला गेलो. मल्लेशचा छापखाना तिथं जुना आहे आणि पंचक्रोशीतल्या सगळ्या लग्नपत्रिका त्याच्याकडं होतात. “बर्री, कुंड्री,” त्यानं कानडीत ‘या, बसा’ म्हणत खुर्ची पुढं केली आणि बसतो न बसतो तोच विचारलं, “लग्न कुणाचं?”

लग्न नाही, वर्तमानपत्र आहे, हे पटवून देण्यात बराच वेळ गेला. पटल्यावर त्यानं कॉम्प्युटरवर पान लावलं. वर गणपती, बाजूला दोन कळस, कडेनं वेलबुट्टी.

“गणपती काढा,” मी म्हणालो.

मल्लेशनं कॉम्प्युटरवरचा हात काढला. “साहेब, मी आजवर गणपती लावलाय. काढला न्हाय. तुमी दुसरीकडं जावा.”

मुरुमात दुसरीकडं म्हणजे कुठं? मी गणपतीपुरती माघार घेतली. त्यानं मजकूर बसवला. अंक आणायला गेल्यावर पाहिलं तर माझी सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी मी नावाच्या खाली ठळक टाकायला सांगितली होती, ती त्यानं नेऊन घातली पानाच्या तळाशी. लग्नपत्रिकेत जिथं ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असं पोराटोरांचं निमंत्रण असतं, बरोबर तिथं. दोन पोपटांच्या मध्ये नाजूक अक्षरात लिहिलं होतं: ‘यातली एकही बातमी खरी नाही हं!’ तो ‘हं’ मल्लेशनं आपल्या पदरचा घातला होता. मी कपाळावर हात मारला, पण गठ्ठे बांधून तयार होते. म्हटलं, असू दे. शहाणी माणसं तळापर्यंत वाचतात. पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही हे उभ्या गावात मला एकट्याला ठाऊक होतं, तरी मी असं म्हटलं.

पहिल्या अंकात दोन बातम्या होत्या. एक, मुरुम रस्त्यावरच्या खड्ड्यांना घरनंबर मिळणार. दुसरी, जिच्यावर माझा खरा जीव होता, ती आमच्या पाण्याच्या टाकीची. ही टाकी गावाच्या मधोमध चार खांबांवर उभी आहे आणि बांधल्यापासून तिच्यात पाणी पडलेलं नाही. घरोघर नळ बसवलेत, त्यांतून कधी थेंब आलेला नाही. सगळं गाव वेशीपलीकडच्या बोअरवरून पाणी आणतं. मी लिहिलं: ‘रिकाम्या टाकीचा रौप्यमहोत्सव दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी थाटात साजरा होणार. अध्यक्षस्थानी सरपंच आण्णासाहेब. पंचवीस वर्षं एकही थेंब न सांडल्याबद्दल टाकीचा सत्कार. समारंभानंतर प्रत्येक नळाला पाणी येईल आणि ते बघून बेशुद्ध पडणाऱ्यांसाठी डॉक्टरची सोय केली आहे.’ शेवटची ओळ लिहून झाल्यावर मी स्वतःच इतका खूश झालो की सोनालीला दोनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, “चांगलंय. दळण आणा.”

अंक वाटले आणि स्टँडवरच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. गावाचं पहिलं हसू कानांनी ऐकायचं होतं. आमच्याकडं पत्रिका हातात पडली की माणूस नवरानवरीचं नाव नंतर बघतो, आधी त्यात आपलं नाव कुठं आहे ते शोधतो. ‘लोणकढी’ लोकांनी तशीच वाचली. वरच्या गणपतीला हात जोडले, बोट फिरवत नावं शोधली आणि घडी घालून खिशात ठेवली. हसलं कुणीच नाही. एकानं तेवढं हॉटेलवाल्याला विचारलं, “आहेराचं काय लिहिलंय का बघा की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरप्पा दारात. त्यांच्या घरापुढच्या खड्ड्याला कितवा नंबर मिळाला आणि तो बायकोच्या नावानं करता येईल का, हे विचारायला आले होते.

“आप्पा, ती गंमत आहे,” मी म्हणालो.

“गंमतीत का हुईना, नावावर झाला म्हंजे झालं.”

ते गेले आणि शरणबसप्पा आले. हे आमचे माजी सरपंच. भरघोस मिशा, पांढरा फेटा आणि रागावले की कानाच्या पाळ्या लाल होतात. त्या दिवशी त्या दारातूनच दिसल्या.

“एजंटसाहेब, टाकी कुणी बांधली?”

“तुम्ही.”

“मग वाढदिवसात माझं नाव कुठाय?”

“अहो, ही खोटी बातमी आहे. रौप्यमहोत्सव नाही, काही नाही.”

“खोट्यात तर घालायचं की! खऱ्यात माझं नाव न्हाय, खोट्यात न्हाय, मग म्या जायचं कुठं?” आणि अंक माझ्या हातात देऊन ते तरातरा निघून गेले.

दुपारी आण्णासाहेब स्वतः आले. पानाचा तोबरा एका गालात सरकवून म्हणाले, “आम्हाला न विचारता अध्यक्ष केलंत. पण बरोबर केलंत. फ्लेक्स उमरग्याला टाकलाय. तुमचा फोटो खालच्या रांगेत घेतलाय, डावीकडनं तिसरा.”

वाचकहो, मी आयुष्यभर दारोदार फिरून खरं सांगत आलो. माणूस मरतो, हप्ता वेळेवर भरा, वारसाचं नाव लावा. याहून खरं जगात काय असतं? पण मी समोरून येताना दिसलो की लोक गल्ली बदलतात. आणि त्याच लोकांनी माझ्या पहिल्या थापेवर एका दिवसात विश्वास ठेवला! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चेष्टा करावी आणि ज्याची केली त्यानं उठून आपल्याला हार घालावा, यासारखा अपमान नाही.

पण हेही मी सोसलं असतं. सारजामावशीनं हंडे घासायला काढले, तेव्हा मात्र मला खरा घाम फुटला.

सारजामावशी आमच्या समोर राहते. पत्र्याच्या दोन खोल्या आणि अंगणात चार शेरडं. पोरं पुण्याकडं कामाला. गुडघे पार गेलेत, तरी रोज बोअरवर जाते, एकेक घागर आणते आणि वाटेत तीन ठिकाणी टेकते. तिच्या अंगणात नळ आहे. शेरडं त्याच्याच खांबाला बांधलेली असतात. दर खंडेनवमीला घरोघर हत्यारं-अवजारं पुजतात, तेव्हा मावशी विळ्याबरोबर नळालाही हळदकुंकू लावते. कुणी हसलं तर म्हणते, “कामाचं न्हाय म्हून काय झालं, घरचंच हाय.” गल्लीत मला बघून वाट न बदलणारी ती एकटीच. माझी पॉलिसी सगळ्यात आधी तिनंच घेतली.

तर त्या सकाळी तिनं शेरडं नळावरून सोडून बाभळीला बांधली होती आणि दोन हंडे, एक घागर, एक कळशी चिंचेनं घासत बसली होती. तांबं नुसतं चकाकत होतं.

“मावशी, हे काय?”

“तुझ्या पेपरात आलंय न्हवं? सोनालीनं वाचून दावलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी पाणी येतंय.”

माझ्या पोटात खड्डा पडला, आणि त्याला घरनंबरही नव्हता. “मावशी, ते खरं नाही. मी चेष्टेनं लिहिलं.”

“असं कसं? वर गणपती हाय.”

“तो मल्लेशनं लावला. खाली पोपटांमध्ये बघा, एकही बातमी खरी नाही असं लिहिलंय.”

“मला मेलीला वाचाय कुठं येतंय.” तिनं घागर उलटी करून तळाला चिंच चोळली. “तू इम्याचं सांगितलास तवा म्या खोटं म्हनले व्हय? आता पाण्याचं बी न्हाय म्हनत. गुडघं आता ऐकंनात बग. येऊ दे पाणी.”

मी घरात येऊन सोनालीवर उखडलो. “तू वाचून दाखवलंस, तर हसून तरी दाखवायचं होतं!”

“मी वाचायचं काम केलं. हसवायचं काम तुमचं,” ती म्हणाली.

मी तसाच आण्णासाहेबांकडं गेलो. समारंभ रद्द करा म्हणालो. त्यांनी माझ्याकडं कीव येऊन पाहिलं. फ्लेक्सवर निम्म्या गावाचे फोटो होते. पाणी नाही म्हणून आमच्याकडं कुणी रुसत नाही, पण फ्लेक्सवरून फोटो उतरवला तर दोन पिढ्या बोलत नाहीत. रद्द करणं शक्यच नव्हतं.

परत येताना टाकीखाली उभा राहिलो आणि वर बघत ठरवलं. बातमी मागं घेता येत नाही ना? मग ती खरी करायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या नळाला पाणी आलं पाहिजे. मग ते एक घागर का असेना. आणि हे आपण करून दाखवायचं. मी एकदा ठरवलं की, असो.

आता टाकी कोरडी का, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. टाकीसाठी खोदलेल्या विहिरीकडून एक पाइप येतो, टाकीकडून एक जातो आणि मध्ये शरणबसप्पांचा बांध लागतो. टाकी त्यांनी सरपंच असताना बांधली, पण उद्घाटनाआधी निवडणूक झाली, आण्णासाहेब आले आणि कोनशिलेवर त्यांचं एकट्याचं नाव कोरलं गेलं. तेव्हा शरणबसप्पांनी जाहीर केलं की ज्या टाकीवर माझं नाव नाही, तिचा पाइप माझ्या बांधावरून जायचा नाही. तेवढ्या तुकड्याचे पाइप ग्रामपंचायतीच्या ओसरीत तसेच पडून होते. ग्रामसभा त्यांच्यावरच बसून व्हायची.

आधी ग्रामसेवकांना गाठलं. बिचारे चार गावांना एकटे, एक पाय कायम मोटारसायकलवर. त्यांनी सगळं ऐकलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “एजंटसाहेब, अडचण येगळीच हाय. टाकी कागदावर भरलेली हाय. भरलेल्या टाकीत पाणी सोडायची मंजुरी मी कशी मागू?”

असली बातमी मला सुचली असती तर मी दुसरा अंकच काढला असता. पण ही खरी होती, त्यामुळे माझ्या धोरणात बसत नव्हती.

“मग टाकी धुवायची मंजुरी मिळेल का?” मी विचारलं. “समारंभ आहे, टाकी स्वच्छ हवी. धुवायची तर आधी रिकामी करावी लागेल. रिकामी झाली की पुन्हा भरावी लागेल.”

ग्रामसेवकांनी मोटारसायकल बंद केली. मी त्यांना प्रथमच दोन्ही पाय जमिनीवर ठेवलेलं पाहिलं. “ठराव लिहितो,” ते म्हणाले.

राहिले शरणबसप्पा. मी गेलो तेव्हा ते बांधावरच बसले होते.

“आप्पा, फ्लेक्सवर तुमचा फोटो घ्यायचाय.”

कानाच्या पाळ्या हलल्या. “कुठल्या रांगंत?”

“वरच्या. पण पाइप जाऊ द्यायचा.”

“आण्णासायबाच्या वर?”

इथं गाडी अडली. मी दोन्ही घरांचे उंबरे झिजवले. शेजाऱ्यांनी सल्ले दिले. शंकरप्पा म्हणाले, दोघांचे फोटो निम्मे निम्मे कापून जोडा. कुणी म्हणालं, टाकी गोल आहे, फोटोही गोलात घाला. ते मला पटलं, पण गोलातही वरचं टोक एकच असतं आणि दोघांना तेच हवं होतं. शेवटी फ्लेक्स दोन्ही बाजूंनी छापायचं ठरलं. गावात येणाऱ्याला आण्णासाहेब वर दिसतील आणि गावाबाहेर जाणाऱ्याला शरणबसप्पा. आण्णासाहेब म्हणाले, “येणारा महत्त्वाचा.” शरणबसप्पा म्हणाले, “जाताना बघितलेलं ध्यानात ऱ्हातं.” दोघंही मनातून जिंकले. दुसऱ्याच दिवशी ओसरीतले पाइप उचलले गेले आणि ग्रामसभेला पहिल्यांदा सतरंजी टाकावी लागली.

मधल्या दिवसांत काय काय झालं ते सांगत बसत नाही. विहिरीवरच्या जुन्या मोटारीत चिमणीचं घरटं निघालं, टाकी धुवायला चढलेला माणूस वरूनच सगळ्या गावाला फोन करत बसला आणि माझ्या विम्याच्या कामाकडं माझं स्वतःचंच लक्ष राहिलं नाही. रोज सकाळी दार उघडलं की समोर मावशीचे हंडे दिसायचे, ओळीनं, उपडे, लखलखीत. ती काही बोलायची नाही. मला बघून पदरानं एकदा एकेक हंडा पुसायची. मी चहा तसाच टाकून टाकीकडं पळायचो.

दसऱ्याला सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी टाकीखाली मांडव, लाउडस्पीकर आणि दोन्ही अंगांनी हसणारा फ्लेक्स. टाकीला हार घालायला शिडी लावली होती. माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि डोक्यावर भगवा फेटा. आण्णासाहेब म्हणाले, “या निर्भीड पत्रकारानं सत्याची कास धरली म्हणून आजचा दिवस दिसला.”

आता माझ्या सहनशक्तीचा अंत झाला. मी माईक घेतला आणि स्पष्ट सांगितलं, “मंडळी, मी सत्याची कास धरलेली नाही. मी खोटं छापलं होतं. सगळंच्या सगळं खोटं होतं. ही चेष्टा होती, आणि ती तुमचीच होती.”

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. शरणबसप्पा उठून उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, “एवढं करून बी माणूस किती नम्र हाय बघा!” मी खाली बसलो. माझ्या उपहासाचा नारळासकट सत्कार झाला होता आणि दाद मागायला जागा नव्हती.

मग आण्णासाहेब आणि शरणबसप्पांनी मिळून पाणी सोडायचं चाक फिरवलं. हात कुणाचा वर असावा यावर थोडी झटापट झाली आणि तेवढ्यात चाक आपलं आपणच फिरलं. मी शाल सावरत, नारळ बगलेत मारून पळत सुटलो. काही झालं तरी तो नळ मला डोळ्यांनी बघायचा होता.

गल्लीत जत्रा भरली होती. निम्म्या नळांना तोट्याच नव्हत्या, त्या कधीच कुणीतरी काढून नेल्या होत्या. पाणी येतंय तसं वाहत होतं, पोरं नाचत होती. आमच्या न्हाणीतल्या नळाखाली मी ‘लोणकढी’चे उरलेले गठ्ठे रचून ठेवले होते. सोनाली दारात उभी राहून ओरडली, “तुमचा पेपर पाण्यात!” मी थांबलो नाही.

मावशीच्या अंगणात नळ आधी नुसता खाकरला. मग त्यातून फुस्स करून हवा निघाली, मग एक कोळी निघाला आणि त्यानं इकडंतिकडं बघून बाभळीचा रस्ता धरला. मग गढूळ लाल पाणी, आणि मग स्वच्छ. मावशीनं खंडेनवमीचं कुंकू लागलेल्या तोटीखाली घागर धरली. मी नळाच्या खांबाला टेकलो. खरं सांगतो, मला रडू आलं. फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

घागर भरली. मावशीनं ती बाजूला सरकवली, हंडा लावला, कंबरेवर हात ठेवून गल्लीभर नजर फिरवली आणि माझ्याकडं वळली.

“अन् डाक्टर कुठंय?”

“कसला डॉक्टर?”

“बेशुद्ध पडणाऱ्यासाठी ठिवलाय म्हनून लिहिला हुतास की.”

आणि मावशी हसायला लागली. आधी खांदे हलले, मग सगळी मावशीच हलायला लागली.

“मावशी, म्हणजे तुम्हाला ते खोटं आहे हे कळलं होतं?”

“टाकीचा वाढदिवस! थेंब सांडला न्हाय म्हून सत्कार! असं खरं असतंय व्हय रं, खुळ्या? सोनालीनं वाचलं तवा म्या इतकी हसले की शेरडं दावं तोडून पळाली. इचार तिला.”

मी वळून पाहिलं. सोनाली आमच्या दारात भिजलेला गठ्ठा घेऊन उभी होती. ती भलतीकडंच बघायला लागली.

“मग ते हंडे का घासत बसला होतात रोज?”

“तू खोटं छापतूस, मग म्या खोटं हंडं घासू न्हाय व्हय?” तिनं डोळे पुसले. “तुझी चेष्टा गावाला कळली न्हाय. अन् माजी तुला.”

मी पुष्कळ बोलणार होतो. मला फसवलं, माझी झोप उडवली, माझा धंदा बुडवला, असं सगळं मनात तयार होतं. पण इतक्या दिवसांत ‘लोणकढी’ला एक वाचक होता, तो समोरच राहत होता आणि पोट धरून हसला होता, हे कळल्यावर ते सगळं तिथंच विरलं. मीही हसायला लागलो. नारळ बगलेतून निसटून हंड्यात पडला.

“पुरं आता,” मावशी म्हणाली. “नारळ काढ त्यातला. आन् भरलेला हंडा आत नेऊन ठिव. माझं गुडघं गेल्यात, ते तरी खरं हाय.”

मी फेटा सोडला, त्याची चुंबळ करून खांद्यावर ठेवली आणि हंडा उचलला.